नांगर टाकला, पण लागला का? बोटीवर राहणाऱ्या दोघांसाठी

निवृत्तीनंतर शिडाच्या बोटीवर कायमची राहायला आलेली जोडपी वर्षभरात बरंच काही शिकतात. शीड कमी कधी करायचं, इंजिनाचं तेल कधी बदलायचं, बॅटऱ्या किती उतरू द्यायच्या, हे सगळं येतं. नांगर मात्र ‘त्यात काय, टाकला की झालं’ म्हणून शिकायचा राहून जातो. आणि वर्षातल्या बहुतेक रात्री काढायच्या असतात त्या नांगरावरच.

आम्ही दोघंही साठी ओलांडलेली. शेजारी नांगर टाकणारी आमच्या वयाची जोडपी पाहते तेव्हा चूक जवळजवळ नेहमी तीच दिसते. बोट अजून पुढे सरकत असताना नांगर सोडतात, साखळी एका दमात ओततात, इंजिन बंद करतात आणि कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेत, येऊन बसतात. नांगर तळाला टेकलेला असतो, तळात रुतलेला नसतो. वारा शांत असेपर्यंत हा फरक कळत नाही. तो कळतो पहाटे तीनला, तेही चष्मा सापडत नसताना.

खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. शब्द एकदाच सांगते: नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक, विंडलस म्हणजे साखळी ओढणारं विजेवरचं यंत्र, स्नबर म्हणजे साखळीचा हिसका झेलणारा नायलॉनचा दोर, रोलर म्हणजे नाळेवरचं साखळी ज्यावरून सरकते ते चाक, क्लीट म्हणजे दोर बांधायचा डेकवरचा खुंटा, डेप्थ साउंडर म्हणजे पाण्याची खोली दाखवणारं यंत्र, आणि फेंडर म्हणजे बोटीच्या कडेला धक्का झेलायला लावायची उशी.

## १. खाडीत शिरण्यापूर्वीच करायची तयारी

साखळीवर खुणा. दर १० मीटरला रंग द्या किंवा रंगीत पट्टी बांधा. ‘साधारण तीसेक सोडली असेल’ हा अंदाज हमखास चुकतो, आणि तोही कमीच्या बाजूने. खुणांचा अर्थ लिहिलेला कागद साखळीच्या कप्प्याच्या झाकणाला आतून चिकटवा. पाठ आहे म्हणणाऱ्याला अंधारात नेमका लाल आधी की पिवळा हे आठवत नाही.

साखळीचं शेवटचं टोक. ते बोटीला बांधलेलं आहे का, हे आजच कप्प्यात उतरून पाहा. बांधलेलं नसेल तर एखाद्या दिवशी सगळी साखळी नांगरासकट समुद्रात जाईल. लोखंडी कडीने पक्कं जोडलेलं असेल तर उलट अडचण, कारण संकटात ते सोडवता येत नाही. म्हणून शेवटी मजबूत दोर बांधा आणि तो इतका लांब ठेवा की पूर्ण साखळी बाहेर गेल्यावर दोर डेकवर येईल. तिथे तो सुरीने कापता येतो.

विंडलस. १००० वॅटचं विंडलस १२ व्होल्टवर ८० अँपिअरहून जास्त वीज ओढतं. त्यामुळे ते चालवताना इंजिन सुरू हवं. त्याचा सर्किट ब्रेकर कुठे आहे आणि साखळीचं चाक मोकळं करणारा क्लच हाताने कसा सोडायचा, हे दोघांनाही माहीत असावं. १० मिलिमीटरची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते. ४० मीटर बाहेर असेल तर नांगर सोडूनच ९० किलो झाले. विंडलस बंद पडलं तर हाताने ओढू, हे या वयात बोलायला ठीक आहे. त्यापेक्षा हातदांडा कुठे ठेवलाय ते शोधून एकदा प्रत्यक्ष चालवून पाहा.

डेप्थ साउंडर नेमकं काय दाखवतो? काही बोटींवर तो पाण्याच्या पृष्ठभागापासून खोली दाखवतो, काहींवर सेन्सरपासून, काहींवर बुडाखालची. बोट शांत उभी असताना दोरीला वजन बांधून तळापर्यंत सोडा, दोरी मोजा आणि आकडा ताडून पाहा. इथे दीड-दोन मीटरचा घोळ असेल तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

अंगावर. पायात बंद बूट, हातात मोजे, सैल ओढणी किंवा लोंबती दोरी नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्याने मोजे कधीच विसरू नयेत. नाळेवर जाताना दुहेरी भिंगांचा चष्मा काढून साधा लांबचा घाला. खाली पाहताना पायरी चुकते ती त्या खालच्या भिंगामुळे.

> सावध: साखळी सुटत असताना बोटं आणि पाय तिच्यापासून दूर. धावती साखळी हाताने किंवा पायाने थांबवायचा प्रयत्न कधीही करू नका.

## २. कोण कुठे, आणि ओरडायचं नाही

बहुतेक जोडप्यांत नवरा नाळेवर आणि बायको सुकाणूवर, हे कुणी न ठरवताच ठरून जातं. मग नाळेवरचा माणूस पाठ फिरवून काहीतरी ओरडतो, वारा ते उडवून नेतो, मागून ‘काय?’ असा आवाज येतो आणि सगळी खाडी मान वळवून बघते. ऐकायचं यंत्र वापरणाऱ्यांचे तर वाऱ्यात आणखीच हाल.

दोघांमध्ये चालणारे हेडसेट मिळतात. ते घेतले तर उत्तमच, पण त्यांची बॅटरी संपते, म्हणून हाताच्या खुणा हव्यातच. पाचच पुरेत:

- हात लांब करून दिशा दाखवणं: तिकडे वळव.
- डोक्यावर मूठ: थांब, गिअर न्यूट्रलला.
- डोक्यावर उघडा पंजा पुढे झुकवणं: हळू पुढे.
- उघडा पंजा मागे हलवणं: हळू मागे.
- दोन्ही हात वर करून फुली: रद्द, बाहेर चल.

खुणा अंगापासून दूर, बाजूला किंवा डोक्यावर करा. छातीसमोर केलेली खूण पाठीमागच्याला दिसतच नाही. ही इतकी साधी गोष्ट आम्हाला उमगायला एक अख्खा मोसम लागला.

आणि जागा बदला. एक आठवडा याने नाळ, पुढचा आठवडा तिने. ज्या बोटीवर एकालाच नांगर टाकता येतो, तिथे तो एक तापाने पडला की दुसऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. विंडलस असेल तर नाळेवर ताकदीचं काम फारसं उरत नाही. सुकाणूवर तर त्याहून कमी, तिथे धीर लागतो.

## ३. जागा पाहणं

उजेडात पोहोचा. दुपारी चारनंतर पोहोचणार असाल तर आदल्या रात्रीच वेळ पुन्हा मांडा.

नकाशावर तळाचा प्रकार दिलेला असतो. वाळू आणि घट्ट चिखल चांगला. खूप मऊ चिखलात नांगर हळूहळू बसतो, त्याला वेळ द्यावा लागतो. खडकात तो अडकतो, पण ते रुतणं नव्हे. वाऱ्याची दिशा फिरली की सुटतो, किंवा असा अडकतो की निघतच नाही. समुद्री गवतावर नांगराचं टोक खाली पोहोचत नाही, नुसता गवताचा भारा गोळा होतो. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, तिथे चर्चेला जागा नाही. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया नावाच्या गवतावरही तेच. स्पेनच्या बालेआरिक बेटांत २०१८ पासून त्यावर नांगर टाकायला कायद्याने बंदी आहे. स्वच्छ पाण्यात ओळखायला सोपं: गडद पट्टा म्हणजे गवत किंवा खडक, फिकट पट्टा म्हणजे वाळू. फिकट पट्ट्याच्या मधोमध टाका.

आता ठरवलेल्या जागेभोवती बोट हळूहळू एक पूर्ण फेरी मारून आणा आणि डेप्थ साउंडरकडे लक्ष ठेवा. रात्री वारा फिरला तर बोट याच वर्तुळात फिरणार आहे. त्यात कुठे उथळ उंचवटा असेल तर तो आत्ता कळू दे.

शेजारच्या बोटींचा विचार याच वेळी करायचा. साखळीवरची बोट आणि दोरावरची बोट सारखी फिरत नाही. दोन बुडांच्या बोटी आणि मोटरबोटी आणखी निराळ्या. आधी येऊन थांबलेल्याचा हक्क पहिला. ‘किती साखळी सोडलीय?’ असं शेजाऱ्याला विचारण्यात कमीपणा नाही.

> तपासा: आजचा वारा या जागी अडतोय, पण रात्रीचा? दिवसा समुद्राकडून येणारा वारा रात्री जमिनीकडून वाहू लागतो. वारा कुठल्याही बाजूने फिरला तर मागे किनारा किती जवळ येईल, हे नकाशावर बोटाने मोजून पाहा.

## ४. साखळीचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

पूर्ण साखळी असेल तर लांबी एकूण उंचीच्या पाचपट आणि जोराचा वारा अपेक्षित असेल तर सातपट. साखळीपुढे दोर जोडलेला असेल तर नेहमीच किमान सातपट. हे प्रमाण बहुतेकांना ठाऊक असतं. चुकते ती ‘एकूण उंची’. तिच्यात तीन गोष्टी येतात: आत्ताची खोली, भरतीला चढणारं पाणी, आणि पाण्यापासून नाळेवरच्या रोलरपर्यंतची उंची.

समजा डेप्थ साउंडर पृष्ठभागापासून ४ मीटर दाखवतोय. पाणी अजून २.५ मीटर चढणार आहे. नाळ पाण्यापासून १.५ मीटर वर आहे. एकूण ८ मीटर, पाचपट म्हणजे ४० मीटर साखळी. चार पंचे वीस करून २० मीटर सोडणाऱ्याचं प्रमाण भरतीच्या वेळी अडीचपटावर येतं. तेवढ्यावर नांगर आडवा ओढला न जाता वर उचलला जातो.

मग उलट बाजू. ओहोटीला पाणी किती उतरेल? हेच पाणी आत्ताच्या ४ मीटरवरून आणखी १ मीटर उतरणार असेल आणि तुमच्या बोटीचं बूड पाण्याखाली १.८ मीटर असेल, तर खाली १.२ मीटर उरतं. शांत पाण्यात पुरेल, लाटा शिरणाऱ्या जागी नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असताना, जिथे आरामात थांबलात, तिथेच आठवड्याने बूड टेकू शकतं. लांब मुक्काम करणाऱ्यांनी हे रोजच्या नोंदवहीत लिहावं.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १५ नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वारा ३० झाला की बोटीवरची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. आणि अंदाजात सांगितलेला वेग सरासरीचा असतो, झोत त्याहून मोठे येतात. साखळी कप्प्यात पडून राहिली तर ती फक्त वजन आहे. जागा असेल तर सोडा.

## ५. टाकणं

1. वाऱ्याकडे तोंड करून हळू या. ओढ प्रवाहाची जास्त असेल तर प्रवाहाकडे. आधी थांबलेल्या बोटी कुठे तोंड करून आहेत ते पाहिलं की समजतं.
2. ठरवलेल्या जागी बोट पूर्ण थांबवा. अजून नांगर सोडू नका.
3. बोट स्वतःहून मागे सरकू लागली की नांगर पाण्यात उतरवा, तळाला टेकेपर्यंतच. टेकल्या क्षणी मोबाइलवरच्या नांगराच्या अलार्ममध्ये (बोट ठरवलेल्या वर्तुळाबाहेर गेली की वाजणारं ॲप) जागा नोंदवा. ही नोंद सुकाणूवरच्याने करायची, नाळेवरून मिळालेल्या खुणेवर.
4. बोट मागे जाईल तसतशी साखळी सोडत राहा. ती तळावर सरळ पसरली पाहिजे, ढीग व्हायला नको. ढिगातली साखळी नांगराच्या दांड्याला किंवा पात्याला वेढा घालते, आणि तसा गुंतलेला नांगर कितीही भारी असला तरी रुतत नाही.
5. एकूण उंचीच्या तिप्पट साखळी गेली की क्षणभर रोखा. साखळी ताणली जाईल, नांगराचं टोक दिशा धरेल. मग उरलेली सोडा.
6. थांबा. वाळूत दोनचार मिनिटं पुरतात, मऊ चिखलात दहा-पंधरा द्या. हा वेळ कुणीच देत नाही.

> सावध: वारा अजिबात नसेल तर बोट स्वतःहून मागे जाणार नाही. इंजिन रिव्हर्सला एकदोन क्षण टाकून न्यूट्रल करा आणि तेवढ्याच संथ गतीने साखळी सोडा.

## ६. रुतवणं आणि खात्री

आता साखळी विंडलसवर सोडून देऊ नका. विंडलस उचलण्यासाठी आहे, बोटीचा ताण धरून ठेवायला नाही. साखळीला कुलूप (तिला जागीच अडवणारी खिट्टी) लावा किंवा हूक अडकवून क्लीटला बांधा.

मग इंजिन रिव्हर्सला, आधी अगदी हळू. साखळी ताणली गेली की हळूहळू वाढवा. आमच्या इंजिनावर आम्ही मिनिटाला २००० फेऱ्यांपर्यंत नेतो आणि तिथे अर्धा मिनिट धरतो. एकदम जोर लावलात तर अर्धवट बसलेला नांगर उपटून येतो, आणि ‘इथला तळच वाईट’ म्हणत दोष बिचाऱ्या तळाला जातो.

जोर चालू असतानाच दोन खात्र्या करायच्या. सुकाणूवरच्याने बाजूला किनाऱ्यावर दोन वस्तू एका रेषेत धराव्यात, म्हणजे जवळचा खांब आणि मागचं झाड. रेषा मोडत राहिली तर बोट सरकतेय. नाळेवरच्याने ताणलेल्या, स्थिर साखळीवर बुटाचा तळवा अलगद टेकवावा. रुतलेल्या नांगराची साखळी ताठ आणि शांत असते. तळावर फरफटणाऱ्याची गुरगुरते, थरथर पायाला कळते.

पाणी स्वच्छ आणि उबदार असेल, दोघांपैकी एकाला पोहता येत असेल, तर पाण्यात पाहायचा काचेचा मुखवटा लावून वरूनच पाहून या. मात्र इंजिन बंद आणि चावी पाण्यात उतरणाऱ्याच्या खिशात.

सरकत असेल तर सगळं उचलून पुन्हा करा. दुसऱ्यांदा करताना लाज वाटते, हे मान्य. पाहणारे पाहतात. तिसऱ्यांदा नाही जमलं तर जागा बदला.

## ७. स्नबर, मग इंजिन बंद

आठ-दहा मीटर लांब नायलॉनचा दोर, एका टोकाला साखळीत अडकणारा हूक, दुसरं टोक नाळेवरच्या क्लीटला. हूक साखळीत अडकवून आणखी साखळी सोडा, म्हणजे ताण दोरावर येईल आणि साखळी मागे सैल लोंबेल. दोर रोलरवर किंवा डेकच्या कडेला घासत असेल तिथे जाड कापड किंवा नळीचा तुकडा चढवा. एक मीटरचा आखूड स्नबर लावणारे बरेच दिसतात. तो ताणलाच जात नाही, त्यामुळे हिसका क्लीटलाच बसतो.

हे सगळं झाल्यावर इंजिन बंद.

## ८. रात्रीची मांडणी

अलार्म. जागा नांगर टेकला तिथली हवी. बोट मागे येऊन थांबल्यावरची नव्हे. ४० मीटर साखळी, १२ मीटरची बोट आणि थोडी सूट धरून ६० मीटर त्रिज्या ठेवली, पण मध्य बोटीच्या जागी धरला, तर वारा फिरताच नांगर न सरकताही अलार्म वाजतो. दोन रात्री असं झालं की लोक अलार्मच बंद करतात. तिसऱ्या रात्री बोट खरंच सरकते.

रात्री कानातलं यंत्र काढून ठेवणाऱ्याच्या उशाशी अलार्म ठेवून उपयोग नाही. झोपेची गोळी घेणाऱ्याच्याही नाही. ज्याला ऐकू येतं त्याच्या बाजूला, चार्जरला जोडून, पूर्ण आवाजात. गोळी घ्यायचीच असेल तर एकाच रात्री दोघांनी घेऊ नये.

दिवा. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांतला नियम ३० सांगतो, की नांगरावरच्या छोट्या बोटीने रात्री चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा लावायचा आणि दिवसा पुढच्या भागात काळा गोळा टांगायचा. डोलकाठीच्या टोकावर लाल-हिरवा-पांढरा प्रवासाचा दिवा लावून झोपणारे आढळतात. बटणं शेजारी असतात, म्हणून लावल्यावर एकदा मान वर करून रंग पाहा. डोलकाठीवरचा दिवा जवळून जाणाऱ्या छोट्या होडीच्या नजरेत येत नाही, म्हणून कॉकपिटच्या उंचीवरही एक मंद दिवा असू द्या.

बाहेर पडण्याची दिशा. होकायंत्रावरचा आकडा आणि किती अंतर सरळ जायचं, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सुकाणूपाशी ठेवा. चष्म्याशिवाय वाचता येईल इतकं मोठं. छोटी होडी वर उचलून घ्या, मागे लोंबती दोरी ठेवू नका. घाईत इंजिन सुरू केलं की ती पंख्यात जाते.

## ९. सरकला तर

क्रम असा: दोघांनाही उठवा, जीवरक्षक जाकीट घाला, इंजिन सुरू करून न्यूट्रलमध्ये ठेवा. मगच नाळेवर जा.

मागे भरपूर जागा असेल आणि सरकणं हळू असेल तर आणखी साखळी सोडून पाहा. अनेकदा तेवढ्याने धरतो. जागा नसेल तर इंजिनाच्या जोरावर हळू पुढे जात ताण कमी करा, स्नबर काढा, साखळी गोळा करा आणि लिहून ठेवलेल्या दिशेने बाहेर पडा. अंधारात त्याच गर्दीत पुन्हा टाकायच्या मोहात पडू नका. खुल्या पाण्यात उजाडेपर्यंत फेऱ्या मारणं कंटाळवाणं असतं, पण सुरक्षित.

दुसरी बोट तुमच्यावर येऊन आदळत असेल तर मध्ये हातपाय घालून ती थोपवू नका. मध्ये फेंडर धरा. कित्येक टनांची बोट आपल्या मनगटाने थांबत नाही.

## १०. उचलणं

स्नबर आधी काढा. हे विसरून विंडलस चालवलं की हूक रोलरवर येऊन आपटतो. इंजिन सुरू करून बोट हळूहळू नांगराच्या दिशेने न्या, नाळेवरच्याने हाताने दिशा दाखवत राहावी. विंडलसने फक्त सैल साखळी गोळा करायची, बोट ओढायची नाही. साखळी सरळ खाली उभी झाली की तिला कुलूप लावून थांबा. लाटेने नाळ वर-खाली होते, तेवढ्यानेच नांगर बहुधा सुटतो. नाहीच सुटला तर हळू पुढे जाऊन उपटा.

चिखल पाण्यातच धुऊन घ्या, नाहीतर कप्प्यातला वास थेट झोपायच्या खोलीत येतो. नांगर रोलरवर बसला की पिन लावा आणि दोराने बांधा, खुल्या समुद्रात शिरण्यापूर्वीच. विंडलसचा ब्रेकर बंद करा. साखळी वर येताना पुसट झालेल्या खुणा दिसल्या असतील, त्या किती मीटरच्या होत्या ते आत्ताच लिहून ठेवा. रंग पुढच्या मुक्कामी लावता येईल.